पायाला बांधलेली चिठ्ठी

मृत पक्ष्यांच्या सोबतीत माझी २६ वर्षं गेली. मुंबईतल्या एका जुन्या संग्रहात मी कामाला लागले तेव्हा प्राणिशास्त्राची पदवी हातात होती, आणि पक्षी म्हणजे दुर्बिणीतून दिसतो तो, एवढीच समजूत होती. पहिल्या दिवशी सरांनी एक ड्रॉवर ओढला. आत पन्नासएक शिंजीर उताणे, एकमेकांना खेटून निजलेले. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, पाय एकावर एक ठेवून दोऱ्यानं बांधलेले आणि त्या दोऱ्याला कागदाची एक चिठ्ठी.

“पक्षी नंतर बघ,” सर म्हणाले. “आधी चिठ्ठी वाच.”

त्यानंतर जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. बरंचसं उष्ण प्रदेशातल्या गाणाऱ्या पक्ष्यांविषयी आहे, कारण माझ्या वाट्याला तीच कपाटं आली. त्यातही ‘टाईप’ म्हणून वेगळ्या जपलेल्या नमुन्यांविषयी जास्त, कारण माझा जीव तिथे गुंतला.

१. टाईप म्हणजे आदर्श नमुना नव्हे.

विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हमखास ‘आदर्श नमुना’ लिहितात. परिभाषेत ‘प्ररूप’ हा शब्द आहे, पण तो कुणाच्या तोंडी नाही. आम्ही सगळे टाईपच म्हणतो. नव्या पक्ष्याला शास्त्रीय नाव देणारा माणूस त्याचं वर्णन छापतो. ते वर्णन ज्या प्रत्यक्ष पक्ष्यावरून केलं, तो टाईप. तो देखणा नर असेल, विटक्या रंगाची मादी असेल, पिसं बदलण्याच्या अर्ध्या वाटेवरचं पिल्लू असेल, किंवा छर्र्यांनी पंख मोडलेला एखादा दुर्दैवी जीव असेल. आपल्या जातीचा तो उत्तम प्रतिनिधी असावा, अशी अटच नाही.

नव्या मुलांना मी खुंट्याचं उदाहरण देते. गाय दाव्यानं खुंट्याला बांधलेली असते. दावं कुणी आज आखूड करील, उद्या लांब करील, तसं तिचं चरण्याचं रान कमीजास्त होईल. खुंटा मात्र जागचा हलत नाही. नाव म्हणजे गाय, अभ्यासकांची मतं म्हणजे दावं आणि टाईप म्हणजे खुंटा. आजवर जी एक जात समजत होतो त्या दोन निघाल्या, तर जुनं नाव कोणत्या जातीकडे जाणार? खुंटा ज्या बाजूला असेल तिच्याकडे. दुसरीला नवं नाव शोधावं लागतं. म्हणून त्या एका मूठभर कातडीला इतका मान.

जुन्या लोकांनी असा एक पक्षी नेमून देण्याची पद्धत पाळली नव्हती. समोर चार-पाच पक्षी ठेवून वर्णन लिहिलं, तर ते सगळेच सिनटाईप. पुढे कुणीतरी त्यांतला एक निवडून त्याला लेक्टोटाईप ठरवतो. सुरुवातीपासून एकच नेमलेला असेल तर तो होलोटाईप. सगळेच नष्ट झाले आणि नावाचा घोळ सुटेनासा झाला, तर नाइलाजानं नवा नेमतात, तो निओटाईप. हे शब्द पाठ करायला अर्धा तास लागतो. त्यांच्यामागची जबाबदारी अंगवळणी पडायला मला काही वर्षं लागली.

२. जुनी चिठ्ठी कधीही सोडू नये.

हे मी चुकून शिकले, आणि ती चूक अजून मनाला लागते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सातभाईंच्या ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, कडा झिजलेल्या, शाई उडत चाललेली. मी उत्साहानं चाळीसेक पक्ष्यांसाठी पांढऱ्या कार्डावर सुबक अक्षरात नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, बांधल्या आणि जुन्या सगळ्या एका पाकिटात भरून ठेवल्या. सरांनी पाकीट पाहिलं. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि एकेक जुनी चिठ्ठी उलटी करून टेबलावर मांडू लागले.

मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. तिथे पेन्सिलीनं बारीक नोंदी होत्या: वजन, बुबुळाचा रंग, चोचीच्या आतला रंग, पोट उघडल्यावर दिसलेल्या वृषणांचं किंवा अंडाशयाचं माप. यांतलं मी काहीच उतरवलं नव्हतं. पुढच्या बाजूला गाव आणि तारीख होती, पण एकाच गावात एकाच दिवशी मिळालेले सहा-सहा पक्षी होते. आता कुठली नोंद कुणाची?

दोऱ्याचा वळ, चिठ्ठीवर उमटलेला चरबीचा डाग, भोकाची जागा, पंखाचं माप असं जुळवत जुळवत दिवाळी आली. सदतीस जुळल्या. तीन चिठ्ठ्यांना आजही पक्षी नाही. त्या पाकिटात तशाच आहेत, आणि नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी ते पाकीट दाखवते. नवी चिठ्ठी लिहायची असेल तर जरूर लिहावी, पण जुनीच्या शेजारी बांधावी.

चिठ्ठीविना पक्षी म्हणजे नुसती पिसं. गॅलापागोस बेटांवर १८३५ मध्ये डार्विननं जे फिंच टिपले, त्यांतल्या बहुतेकांवर बेटाचं नाव लिहिलं नव्हतं. तो लंडनला परतल्यावर पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डनं त्या पक्ष्यांच्या जाती वेगळ्या काढल्या, आणि मग कुठल्या बेटावर कुठला पक्षी हे ठरवायला जहाजावरच्या इतरांच्या, कप्तान फिट्झरॉयच्याही, संग्रहाचा आधार घ्यावा लागला. जगाला उत्क्रांती समजावून सांगणाऱ्या माणसाच्या हातून हे राहून जाऊ शकतं, म्हणून मी जंगलातून परतणाऱ्या मुलांना जेवणाआधी नोंदी पुऱ्या करायला लावते.

३. कातडी डोळा ठेवत नाही.

मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट बोर्निओतल्या एका सातभाईच्या नातेवाइकाची आहे. तपकिरी पाठ, करडं पोट आणि डोळ्यावरून गेलेली रुंद काळी पट्टी. इंग्रजी नावाचा अर्थ काळ्या भुवईचा. १८४० च्या दशकात कार्ल श्वानर नावाच्या संशोधकानं तो मिळवला, आणि १८५० मध्ये बोनापार्ट या पक्षिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं. हा बोनापार्ट नेपोलियनचा पुतण्या. नमुना एकच, तो हॉलंडमध्ये लायडनच्या संग्रहालयात. त्यावर ठिकाण म्हणून जावा लिहिलं होतं. जावात तो कुणाला दिसेना. १८९५ मध्ये ब्यूटिकोफर या अभ्यासकानं लक्षात आणून दिलं की श्वानर तर बोर्निओत हिंडत होता. म्हणजे ४५ वर्षं एक चुकीचा शब्द त्या पक्ष्याच्या पायाला बांधलेला होता.

त्यानंतरही तो दिसला नाही. लायडनचा तो एकटा टाईप हाच जगापुढचा एकमेव पुरावा. मग ऑक्टोबर २०२० मध्ये बोर्निओतल्या दक्षिण कालिमंतानमध्ये जंगलात वस्तू गोळा करायला जाणाऱ्या दोन स्थानिक माणसांनी एक अनोळखी पक्षी पकडला, त्याचे फोटो काढले, जाणकारांना पाठवले आणि पक्षी सोडून दिला. तो हाच होता. आणि फोटोंत त्याचे डोळे गडद तांबडे होते.

संग्रहालयातल्या नमुन्याला पिवळे काचेचे डोळे बसवलेले आहेत. दीडशेहून अधिक वर्षं ज्यांनी ज्यांनी तो पाहिला, त्यांनी पिवळ्या डोळ्याचा पक्षी पाहिला. पायांचंही तेच. वाळलेल्या कातडीत ते फिके तपकिरी दिसत, जिवंत पक्ष्यात गडद करडे निघाले. नमुना तयार करणाऱ्यानं काही लबाडी केली नव्हती. डोळा काढून टाकावाच लागतो, नाहीतर सडतो. ज्यानं काच बसवली त्यानं पक्षी जिवंत पाहिला नसणार.

तेव्हापासून ताज्या मृत पक्ष्याच्या बुबुळाचा रंग ही माझी पहिली नोंद असते. पहिल्या तासातच तो उतरायला लागतो. चोच, जिभेची कड, पायांची त्वचा हे सगळं विझत जातं. पिसांचा काळा आणि तपकिरी टिकतो, तरी जुन्या नमुन्यांत काळ्यावर तांबूस छटा चढते. आणि आवाज? गाणारा पक्षी म्हणून ज्याची ओळख, त्याच्या टाईपमध्ये गाणं सोडून बाकी सगळं असतं. दयाळाचा ड्रॉवर उघडला की मला हे दर वेळी जाणवतं. आमच्या इमारतीमागे फेब्रुवारीपासून पहाटे दयाळ गातो, आणि आत त्याचे बारा भाऊबंद गप्प पडलेले असतात.

पायांवरून आणखी एक. मोठ्या स्वर्गीय पक्ष्याला लिनियसनं १७५८ मध्ये ‘अपोडा’, म्हणजे बिनपायाचा, असं नाव दिलं. न्यू गिनीच्या बाजूनं व्यापारातून युरोपात येणाऱ्या कातड्यांचे पाय आधीच कापलेले असत, आणि हा पक्षी जमिनीवर उतरतच नाही अशी दंतकथा त्यावरून पसरली होती. नाव अजून तेच आहे. नियमाप्रमाणे ते बदलता येत नाही, आणि बदलू नये असंच मला वाटतं. माणसं अर्ध्या पुराव्यावर काय काय रचतात, हे त्या नावात नोंदलेलं आहे.

४. नवं शोधायचं तर रोजच्या पक्ष्यांच्या ड्रॉवरमध्ये शोधावं.

एकदा मला तीन आठवडे इंग्लंडमध्ये ट्रिंगला जायला मिळालं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह तिथे असतो, सुमारे साडेसात लाख कातडी. मी गेले होते आपल्याकडचे सातभाई मोजायला. पण एका दुपारी तिथल्या बाईंना विचारलं, ह्यूमचा वटवट्या दाखवाल का? त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. करडट तपकिरी, तळहातात सहज मावणारा, इतका साधा की रस्त्यात दिसला तर नजर थांबणार नाही. फक्त चोच अंगाच्या मानानं लांब.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला ठाऊक आहे तो १८८५ च्या मुंबईतल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामुळे. पण त्याआधी अनेक वर्षं तो हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षिसंग्राहक होता. हा वटवट्या त्यानं १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ टिपला. चोच मोठी आणि पंख आखूड, म्हणून वेगळी जात ठरवली. पण नमुना एकच. पुढच्या पिढ्यांना शंका आली: ही दुसऱ्याच एखाद्या वटवट्याची विकृती असेल, संकर असेल. त्यामुळे बिचारा कित्येक दशकं ना घरचा ना घाटचा राहिला. २००२ मध्ये त्या कातडीतल्या डीएनएनं निकाल दिला की जात वेगळीच आहे.

मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्षी-अभ्यासक फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक विचित्र वटवट्या आला. चोच लांब, पंख आखूड. पिसांतला डीएनए ह्यूमच्या पक्ष्याशी जुळला. मग ट्रिंगमध्ये पुन्हा ड्रॉवर उघडले गेले, आणि ब्लिथच्या वटवट्यांच्या गर्दीत दुसरा नमुना सापडला. १८६९ मध्ये हिंदुस्थानातच मिळालेला, चुकीच्या नावाखाली निजलेला. पुढे अफगाणिस्तानातल्या वाखान पट्ट्यात या पक्ष्यांचं विणीचं ठिकाणही सापडलं.

मला यात जाळ्यापेक्षा ड्रॉवर मोठा वाटतो. ब्लिथचा वटवट्या आपल्याकडे हिवाळ्यात झुडपाझुडपांतून ‘चक् चक्’ करत असतो. त्याचा ड्रॉवर कुणी कौतुकानं उघडत नाही. १३० वर्षांहून अधिक काळ तिथे एक दुर्मीळ पक्षी होता आणि त्याच्यावरून किती हात फिरले असतील. परतल्यावर मी आमचे वटवट्यांचे आठही ड्रॉवर पट्टी घेऊन पुन्हा मोजले. वेगळं काही निघालं नाही. दोन चुकीची नावं दुरुस्त झाली, तेवढं पुरे होतं.

५. एकटा पक्षी फसवूही शकतो.

सोमालियात बुलो बुर्ती या गावी १९८८ मध्ये आपल्या खाटिकाच्या गोतावळ्यातला एक निराळ्याच रंगाचा पक्षी पकडला गेला. इतका दुर्मीळ असेल तर मारायचा कसा, म्हणून त्याला सांभाळलं, रक्त आणि पिसं घेतली आणि १९९० मध्ये सोडून दिलं. १९९१ मध्ये त्याला नाव मिळालं ‘लिबेराटस’, म्हणजे मुक्त केलेला. हे नाव वाचून मी तेव्हा हेलावले होते. २००८ मध्ये डीएनएच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ती वेगळी जात नाही; तिथल्याच माहितीच्या जातीतलं ते एक रंगरूप होतं.

म्हणून मारायला हवा होता का? मला तसं वाटत नाही. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेया यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यात १९९५ मध्ये एक अनोळखी पक्षी पाहिला. २००६ मध्ये तो जाळ्यात आला. सगळे मिळून जेमतेम १४ पक्षी दिसले होते. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, जाळ्यात गळलेली पिसं ठेवली आणि पक्षी सोडला. ती पिसंच त्या जातीचा टाईप. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांवरून: बुगुन लिओसिक्ला. नियमांत हे बसतं, प्राण्याचा अंशही टाईप होऊ शकतो.

काही जुन्या जाणत्यांना हे पटलं नाही. पूर्ण कातडी असेल तर उद्या नवे प्रश्न विचारता येतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ह्यूमला डीएनए ठाऊक नव्हता, तरी त्याच्या पक्ष्यानं उत्तर दिलं. पण १४ मधला एक घेणं आणि हजारांमधला एक घेणं यांत फरक आहे. अत्रेयांनी केलं ते योग्यच केलं, असं मी या कपाटांमध्ये उभी राहून सांगते.

६. हात धुवावेत.

जुन्या कातड्यांना आतून सोमल लावलेला असतो. कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळत. तो दीडशे वर्षांनीही जात नाही. टेबलापाशी चहा नाही, बोट जिभेला लावून पान उलटणं नाही. एवढंच.

७. आग आणि युद्ध क्वचित येतात, कसर रोज येते.

ह्यूमनं १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. तो बांधून न्यायला म्युझियमचा बाउडलर शार्प शिमल्याला आला. सुमारे ८२,००० नमुने गेले. पण त्याच्या आधी किड्यांनी खाल्लेले सुमारे २०,००० नमुने फेकून द्यावे लागले होते. त्याच सुमारास त्याची पक्ष्यांवरची हस्तलिखितं घरच्या नोकरानं रद्दीत विकली. हे वाचलं तेव्हा मला त्या नोकराचा राग आला नाही. कुणी त्याला ते कागद काय आहेत हे कधी सांगितलंच नसेल.

मुंबईच्या पावसाळ्यात आमची कपाटं फुगतात, ड्रॉवर अडकतात, आणि अडकलेला ड्रॉवर उघडायचा कंटाळा येतो. तिथेच घात होतो. कातडी खाणारे ते भुंगेरे तांदळाच्या कणीएवढे, त्यांच्या अळ्या केसाळ. एका वर्षी डांबरगोळ्यांच्या खरेदीची फाईल टेबलाटेबलांवर फिरत राहिली. गणपतीनंतर मी एक कोपऱ्यातला ड्रॉवर जोर लावून ओढला. वीस बुलबुलांच्या जागी पिसांचा आणि तांबूस भुशाचा थर होता. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या, कागद त्यांना आवडत नसावा. त्यांतला एकही टाईप नव्हता, असं सगळे मला धीर द्यायला म्हणाले. मला त्यानं धीर आला नाही. ते बुलबुल ज्या खेड्यातून आले होते ते आता धरणाखाली आहे.

तेव्हापासून मी दर आषाढात प्रत्येक ड्रॉवर उघडते, अडकला तरी. फाईलची वाट न पाहता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत तिथल्या ब्युरो ऑफ सायन्सचा संग्रह नष्ट झाला, पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड मॅक्ग्रेगरनं वर्णन केलेल्या फिलिपिन्सच्या पक्ष्यांचे टाईप त्यात होते. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या दिल्लीतलं निसर्गविज्ञानाचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. बातमी आली त्या रात्री मी झोपले नाही.

८. चिठ्ठी खोटंही बोलते, आणि ते खोटं कातडीच पकडून देते.

इथे गाणाऱ्या पक्ष्यांना सोडून घुबडाकडे जावं लागतं, कारण ही गोष्ट खानदेशातली आहे. रानपिंगळ्याला ह्यूमनं १८७३ मध्ये नाव दिलं. जगात त्याचे मोजून सात नमुने. त्यांतला एक कर्नल मायनर्ट्झहागन या इंग्रज संग्राहकाचा, गुजरातेत मांडवीजवळ १९१४ मध्ये मिळाल्याचं सांगणारा. बाकीचे सगळे १८८४ पर्यंतचे. त्यामुळे हा पक्षी विसाव्या शतकातही होता असं मानून लोक तिथे शोधत राहिले.

पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. प्रत्येक संग्राहकाची कातडी भरण्याची एक हातोटी असते. कापूस कसा कोंबतो, टाका कसा घालतो, पाय कसे बांधतो. या रानपिंगळ्याच्या आतला हात जेम्स डेव्हिडसनचा निघाला. हा डेव्हिडसन १८८० च्या दशकात खानदेशात अधिकारी होता. म्हणजे संग्रहालयातून चोरलेला पक्षी पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी बांधली होती. मांडवी बाद झाली. खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. मायनर्ट्झहागनच्या संग्रहातल्या वटवट्यांवर, फिंचांवर आणि इतर गाणाऱ्या पक्ष्यांवरही आलेली हीच शंका खरी ठरली, आणि त्याच्या हजारो चिठ्ठ्या आता कुणी डोळे झाकून वाचत नाही.

त्याच ट्रिंगमधून जून २००९ मध्ये एका रात्रीत २९९ कातडी चोरीला गेली. स्वर्गीय पक्षी, दक्षिण अमेरिकेतले कोटिंगा, क्वेत्झाल. गळाला बांधायच्या शोभेच्या माश्या बनवण्यासाठी त्यांची पिसं विकली गेली. बरेच पक्षी परत मिळाले, पण अनेकांच्या पायांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या. माझ्या पाकिटातल्या तीन चिठ्ठ्यांची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

९. आपल्या पक्ष्यांचे खुंटे बहुतेक परदेशात आहेत.

कर्नल साईक्सनं १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. सह्याद्रीतला किरमिजी शिंजीर, माळावरचा तांबूस तुरेवाला चंडोल, मोठा करडा सातभाई, कडेकपारीतली गडद पाकोळी; यांची शास्त्रीय नावं त्या यादीतली. त्यांतल्या चंडोलाचं नाव ‘देवा’ आणि एका वटवट्याचं ‘रामा’ आहे. शिंजीराला मात्र विगर्स या लंडनच्या गृहस्थाचं नाव मिळालं, सातभाईला मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांचं.

न्यू गिनीचं तर आणखी दूर गेलं. पक्षी तिथला, अर्न्स्ट मायरसारखा तरुण जर्मन तो टिपणारा, रॉथशिल्ड हा इंग्रज पैसे देणारा; आणि १९३२ मध्ये रॉथशिल्डनं सुमारे २ लाख ८० हजार कातडी विकली म्हणून मुक्काम न्यूयॉर्कला.

सगळं परत आणा, असं मी म्हणत नाही. आमच्या फुगलेल्या कपाटांकडे बघून ते म्हणवतही नाही. पण नाशिकच्या एखाद्या मुलीला आपल्या अंगणातल्या सातभाईचा टाईप बघायचा तर व्हिसा, विमान आणि शिष्यवृत्ती लागावी, हे मला पटत नाही. प्रत्येक टाईपचे सहाही बाजूंचे फोटो, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू आणि मापं खुली व्हायला हवीत. चिठ्ठीची मागची बाजू तर नक्कीच.

आणि आणखी एक नाव राहून जातं. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसच्या नावाचा झेंडेवाला स्वर्गीय पक्षी १८५८ मध्ये बाचान बेटावर सापडला. तो हातात घेऊन आला वॉलेसचा सारावाकचा सहकारी अली. वॉलेसनं आपल्या पुस्तकात ते मोकळेपणानं लिहिलं. पक्ष्याच्या नावात मात्र वॉलेस आहे. आमच्या कपाटांतल्या पक्ष्यांना कुठल्या कातकऱ्यानं, कुठल्या ठाकरानं झाडावर हेरलं, ते एकाही चिठ्ठीवर नाही. संग्राहकाच्या रकान्यात साहेब.

१०. रकाना मोठा ठेवावा.

गेल्या मार्चमध्ये आमच्या वॉचमन मामांना काचेच्या खिडकीखाली शिंजीर पडलेला दिसला. नर, अंग अजून ऊबदार. त्यांनी तो रुमालात गुंडाळून आणला. वनखात्याला कळवून, कागद हातात आल्यावर आम्ही तो ठेवला. बुबुळ मी आधीच लिहून घेतलं होतं: गडद तपकिरी. चोचीच्या टोकाशी परागाची पिवळी रेघ होती, तीही लिहिली. वजन, तारीख, खिडकीची दिशा, मजला. मग ‘संग्राहक’ असा रकाना आला आणि मी मामांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली त्यांचं गाव.

संध्याकाळी ते निघताना चिठ्ठी दाखवली. चष्मा शोधून त्यांनी ती सावकाश वाचली.

“मॅडम, गाव बुद्रुक आहे. खुर्द नव्हे. खुर्द नदीच्या पलीकडे.”

मी तो शब्द एका रेघेनं खोडला, वर बुद्रुक लिहिलं, बाजूला सही आणि तारीख घातली. मामांनी चिठ्ठी उलटी करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि मी दोरा बांधेपर्यंत शिंजीराचे पाय धरून उभे राहिले.